साखळी सोडून दिली ती रात्र

ऑक्टोबर 2019, दिवाळी तोंडावर आणि समुद्रात क्यार चक्रीवादळ. अडतीस फुटी शिडाची नौका मुंबईहून गोव्याला पोचवायचं काम माझ्याकडे होतं. वाटेत आम्ही देवगड बंदरात थांबलो होतो. तिथून गोव्यातलं मुरगाव साठेक सागरी मैल. वारा साथीला असला तर बारा तास.

24 तारखेला सकाळीच मला शंका आली ती बॅरोमीटरमुळे. आपल्या किनाऱ्यावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सगळ्यात वर असायला हवा. त्या दिवशी दहाला काटा उतरत होता. अंदाज नंतर येतात, काटा आधी सांगतो, म्हणून मी दर दोन तासांनी आकडा वहीत लिहितो.

मालकांचा मुंबईहून फोन : "वादळ ओमानकडे चाललंय, मग थांबलात कशाला?" वादळ लांब गेलं तरी त्याच्या पूर्वेच्या अंगाला वारा दक्षिणेकडूनच येतो, म्हणजे आम्हाला जायचं त्याच दिशेकडून, थेट तोंडावर. हे समजावता समजावता माझा घसा बसला. नौका विकत घेतली म्हणजे समुद्राचं वेळापत्रकही आपलं झालं असं मानणारी माणसं मला चीड आणतात.

बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला. किल्ल्याच्या डोंगराआड दक्षिणेचा वारा बराच अडतो, म्हणून मच्छीमार बोटी रांगेने आत शिरत होत्या. मी पाच मीटर पाण्यात पस्तीस मीटर साखळी सोडली होती, सातपट. पण अमावास्या जवळ, उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढणार. त्यात नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, उंची धरली तर सातपटीची चारपट होते. म्हणून उरलेली पंधराही सोडली, आणि झटका खायला साखळीला नायलॉनचा जाड दोर बांधला.

चारच्या सुमारास एक म्हातारे तांडेल, मच्छीमार बोटीचे प्रमुख, छोट्या होडीतून जवळ आले. आमच्या वर, वाऱ्याच्या बाजूला, पाच बोटी एकमेकींना बांधून उभ्या होत्या. तिकडे हात करून म्हणाले, "हयसर रवा नको. त्यो पाच बोटी एकाच नांगरार आसत."

नांगर उचलून दुसरीकडे जायचं तर तासभर गेला असता. दुसरीकडे जागाही तोकडी होती, आणि माझा नांगर घट्ट धरला होता. मी मान डोलावली आणि तिथेच राहिलो.

रात्री दोनला पावसाची सर आली आणि तिच्यामागून पाचही दिवे एकदम मोठे होत गेले. त्यांचा नांगर सुटला होता. पन्नास मीटर साखळी ओढून घ्यायला वेळ नव्हता. साखळीचं शेवटचं टोक मी नौकेला नेहमी दोरानेच बांधतो, लोखंडी कडीने कधीच नाही; अशा वेळी सुरीने कापता यावं म्हणून. माझ्याबरोबरच्या विशीतल्या पोराने न सांगता त्या टोकाला फेंडर, म्हणजे नौकेच्या बाजूला लावायचा तरंगता फुगा, बांधला, खूण राहावी म्हणून. मी दोर कापला. इंजिन आधीच चालू केलं होतं. नौका बाजूला काढली आणि पहिली बोट आमच्या मागच्या कठड्याला घासून गेली. तिच्यावरचे खलाशी ओरडत होते, एकाच्या हातात आमच्या बाजूला टेकवलेला बांबू होता. पुढे त्यांचा नांगर पुन्हा धरला. आम्ही दुसरा नांगर टाकून उजाडेपर्यंत सुकाणूजवळ बसलो.

सकाळी फेंडर सापडला. त्या तांडेलांच्याच माणसांनी साखळी वर ओढायला मदत केली. कडीकडीत काळा चिखल भरला होता. रात्रीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

27 ला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, क्यार महाचक्रीवादळ झालं. 2007 च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. तोवर ते खूप पश्चिमेला गेलं होतं.

मालकांनी कठड्याचा खर्च माझ्या पैशांतून कापला. दुसऱ्याचा नांगर सुटला, यात माझी काय चूक, असं मी त्यांना लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. चार वाजताच्या नोंदीत दाबाचा आकडा आहे, वाऱ्याची दिशा आहे, साखळी पन्नास मीटर असं लिहिलं आहे. तांडेल येऊन काय म्हणाले, ते नाही.