न्यूफाउंडलंडचा रापणकार

मनमिळाऊ. मुलांत रमणारा. शिकवलं की लगेच शिकणारा. पाहुण्यांशी प्रेमाने वागणारा. लॅब्रॅडॉरची माहिती कुठेही वाचा, हीच विशेषणं भेटतात. वधूवर सूचक मंडळाच्या वहीतून उतरवून घेतल्यासारखी. 'गृहकृत्यदक्ष' तेवढं राहून गेलेलं. पर्शियन मांजर 'शांत व घरगुती', पग 'खेळकर', पॉमेरियन 'चुणचुणीत'. मला ही वर्णनं वाचायला आवडतात. घ्यायचं काहीच नसतं, तरी वाचतो. आमच्याकडे काळू हा गावठी कुत्रा आहे, आणि काळूचं वर्णन कुणी कुठे छापलेलं नाही.

शेजारच्या वहिनींना मात्र खरोखरच कुत्रा घ्यायचा होता. मुलाचा हट्ट. मोबाईलवर फोटोंची रांग दाखवत म्हणाल्या, ''भाऊ, तुम्ही एवढं वाचता, सांगा यातला कुठला घेऊ. स्वभावाने गरीब असला पाहिजे.''

मी म्हटलं, ''स्वभाव राहू दे वहिनी. याचे पूर्वज कुठे कामाला होते, ते आधी बघू.''

त्यांना ती थट्टा वाटली. पण कुत्र्यांच्या बहुतेक जाती माणसाने कसल्या ना कसल्या कामासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवल्या. काम सुटलं तरी त्या कामाची खाज अंगात राहते. लॅब्रॅडॉरचंच घ्या. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडे होते. गळातून निसटलेला मासा बर्फाळ पाण्यातून तोंडात धरून आणायचा, जाळ्याची दोरी ओढायची, हा त्यांचा धंदा. म्हणजे आपल्याकडे किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणारा रापणकार असतो ना, तिकडचा तोच म्हणा. पाणी झटकून टाकणारी दुहेरी लव, बोटांमध्ये पडदा, वल्ह्यासारखी जाड शेपूट, हे सगळं त्या कामाचं सामान. पुढे इंग्लंडातल्या शिकाऱ्यांनी त्याला उचललं आणि पाडलेले पक्षी आणायला लावलं. असा हा गडी फोंड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला की काय करणार? चप्पल आणतो. टॉवेल आणतो. आणायला काही उरलं नाही की सोफ्याच्या पोटातला कापूस काढून आणतो. मालक म्हणतो, फार वांड आहे. अहो, तो ड्युटीवर आहे.

आणि त्याची भूक. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि ते कुत्रे खाण्यासाठी जास्त हपापलेले व वजनाने जड निघतात. ओट्यावर बांगडे साफ होत असताना तो ज्या करुण नजरेने बघतो, त्या नजरेला भुलू नये. लठ्ठ लॅब्रॅडॉरचे खुबे आणि गुडघे लवकर जातात, आणि तीस किलोचा कुत्रा उचलून लिफ्टशिवाय दोन जिने उतरणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

बाकीच्यांचं थोडक्यात. हस्की हा सैबेरियाच्या ईशान्य टोकाला चुक्ची लोकांच्या घसरगाड्या ओढणारा. पर्वरीच्या सातव्या मजल्यावर एसीखाली पडलेला हस्की मी पाहिलाय. त्याचे निळे डोळे बघायला येणारे पाहुणे खूश होते. तो खूश होता असं म्हणवत नाही. डॅशहंड बिळात शिरून बिज्जूशी झुंजण्यासाठी आखूड पायांचा केलेला; लांब पाठीमुळे त्याच्या मणक्याच्या चकत्या सरकतात, त्याला पलंगावरून उड्या मारू देऊ नयेत. पगला मात्र मांडीवर बसण्यापलीकडे कधीच काम नव्हतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नसावी असं वाटतं. पण कुत्रा अंगातली उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून, आणि पगचं नाकच आत दाबलेलं. एप्रिल-मे महिन्यात गोव्याच्या दमट दुपारी त्याला फिरायला नेणाऱ्यांचा मला राग येतो. फिरवायचं तर उन्हं चढायच्या आधी, दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा.

काळूला यातलं काहीच लागू नाही. आखूड लव, उभे कान, सडसडीत अंगलट. या हवेनेच त्याला घडवलेलं. पाऊस लागला की गोचिडांचा ताप सगळ्यांनाच, त्यालाही औषध लावावं लागतं. लसी त्यालाही चुकत नाहीत. २०२१ साली गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, ते गावोगाव जाळी घेऊन फिरत काळूसारख्यांना टोचत सुटलेल्या पथकांमुळे. त्याचा स्वभाव? पोस्टमनवर भुंकतो, वीजबिलवाल्यावर भुंकत नाही. का, ते त्यालाच ठाऊक.

वहिनींनी शेवटी कुत्र्याचा नाद सोडला आणि म्हणाल्या, ''मग मासेच बरे. त्यांना काय लागतं?''

इथे मी खुर्ची ओढून बसलो. माशांना काय लागतं हे सांगायला वेळ लागतो.

गोल्डफिश हा चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वीपासून माणसाने रंग निवडत निवडत घडवलेला मासा. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, वीतभर वाढतो आणि घाण भरपूर करतो. त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवण्याची पद्धत कोणी काढली देवाला ठाऊक. त्या भांड्यात तो महिन्याभरात मरतो आणि आपण म्हणतो, नाजूक होता बिचारा. ऑस्कर दुकानात बोटाएवढा असतो. हा ॲमेझॉनचा गडी, फूटभर होतो आणि तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारलेला सकर फिश तर दीड फुटापर्यंत जातो. मग घरात मावेनासा झाला की लोक त्याला ओहोळात सोडून येतात. हे पुण्य नव्हे, आपल्या ओहोळातल्या माशांवर आणलेलं संकट आहे. नाण्याएवढ्या, लाल कानाच्या कासवाचीही तीच गोष्ट. ते तीस वर्षं जगू शकतं, म्हणजे मुलाच्या लग्नातही पाण्यात बसून असेल.

खरी मेख पाण्यात आहे. टाकी आणली, पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले, असं करू नये. माशांच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मोजकेच मासे, मोजकं खाणं. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून लख्ख धुणारी स्वच्छताप्रिय माणसं हे जिवाणूच धुऊन टाकतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग वापरावं.

ज्यांच्याकडे विहीर आहे ते नशीबवान, पण त्यातही भेद आहे. आपल्या जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी मृदू आणि किंचित आंबट असतं. निऑन टेट्रा, एंजल यांना ते माहेरचं वाटतं. मॉली आणि गप्पी यांना जड, क्षारयुक्त पाणी मानवतं. विहिरीच्या मृदू पाण्यात मॉली पंख मिटून थरथरत राहते. दुकानदार सगळ्यांना एकाच पिशवीत बांधून देतो.

फायटर मासा मला आवडतो. थायलंडने त्याला २०१९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरवलं. पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, त्यामुळे पावसाळ्यात लाईट जाऊन पंप थांबला तरी त्याचं अडत नाही, आणि आपल्या हवेत त्याला हीटरही सहसा लागत नाही. पण पेल्यात नको. पंधरा-वीस लिटर पाणी द्या, आणि दुसरा नर चुकूनही नको. खरं तर त्याचे दूरचे भाऊबंद आपल्या शेतातल्या पाणथळीत आहेत. आणि ॲप्लोकायलस ब्लॉकी नावाचा दोन इंचांचाही नसलेला स्थानिक मासा १९९० च्या दशकात गोव्यात मलेरियाविरुद्ध कामाला लावला होता, डासांच्या अळ्या खायला. नोकरी करणारा मासा! दुकानात मात्र तो मिळत नाही, कारण त्याचं आकर्षक वर्णन कोणी लिहिलेलं नाही.

(पोपटाचं वहिनींनी विचारलं नाही, तरी सांगून ठेवलं. आपला हिरवा, लाल कंठाचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आजोबांच्या सोप्यावर होता तरीही.)

एक प्रश्न मात्र कुठल्याच माहितीत नसतो: चतुर्थीला काय करणार? त्या दिवसांत गोव्यातल्या निम्म्या फ्लॅटना कुलूप असतं, सगळे मूळ घरी गेलेले. कुत्रा बरोबर नेला तर फटाके, आणि लाडाने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, भरवणाऱ्या मावश्या. सारणात मनुका असतील तर त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, हे मावशीला समजावणं सोपं नाही. मासे त्या मानाने परवडले. धडधाकट, वाढ झालेले मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी काही होत नाही. त्यांना मारतो तो चावी दिलेला प्रेमळ शेजारी, रोज मूठमूठ खाणं टाकून.

वहिनींनी टाकी घेतलीय, आणि चावी माझ्याकडे द्यायचं ठरवलंय. खाण्याचा डबा त्या बरोबर घेऊन जाणार आहेत.