माळकरी घर, मांजराचं पिल्लू आणि त्याच्या खाण्याचा घोळ (माझा अनुभव)

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये मीटरबॉक्सच्या मागून केविलवाणं ओरडणं ऐकू यायला लागलं, बाहेर धो धो पाऊस, वॉचमन म्हणाला सकाळपासून ओरडतंय, आई काही फिरकली नाही. काळंभोर, तळहातावर मावेल एवढं. रात्री नऊपर्यंत मी वाट बघितली, मांजरीण नाहीच आली, मग ओढणीत गुंडाळून वर घेऊन आले. आता आमच्या सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, केक आणायचा तर तोही बिनअंड्याचा. पण पिल्लू बघून पहिल्या उठल्या त्या त्याच, आणि वाटीत दूध घेऊन आल्या. मांजर म्हटलं की दूध, यात कोणाला शंका येणार, मलाही नाही आली.

लपालपा प्यायलं. रात्रीत चार वेळा पातळ शी, आणि सकाळी असं पडलेलं की उचललं तरी मान टाकत होतं.

डॉक्टरांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच तंबूसारखी उभी राहिली, म्हणाले अंगातलं पाणी गेलंय, कातडीखाली सलाईन दिलं. मग तोंड उघडून दात बघितले. पुढचे बारीक दात आलेले, सुळे आलेले, दाढा अजून नाहीत, म्हणजे साधारण चार आठवड्यांचं. वजन ३८० ग्रॅम. काय दिलंत खायला विचारल्यावर मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, गायीचं दूध, पाणी घालून. त्यांनी नुसती मान हलवली. गायीच्या दुधातलं लॅक्टोज पिल्लाला नीट पचत नाही म्हणून जुलाब, आणि मांजरीच्या दुधात प्रोटीन आणि फॅट गायीच्या दुधापेक्षा बरंच जास्त असतं, त्यात मी वर पाणी घातलेलं, म्हणजे पोटही बिघडवलं आणि उपाशीही ठेवलं.

मग मांजराच्या पिल्लांसाठीच्या दुधाची पावडर आणली. ती डब्यावरच्या मापानेच कालवायची, अंदाजपंचे नाही, आणि कोमट द्यायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाच्या दुधासारखं. पण बाळासारखं उताणं धरून पाजायचं मात्र अजिबात नाही, दूध श्वासनलिकेत जातं. पोटावर, चार पायांवर ठेवून, थेंब थेंब. आणि पिल्लू गार पडलेलं असेल तर आधी ऊब द्या, मग दूध, गार अंगाने त्याला पचत नाही. हे मला कोणी आदल्या रात्री सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रोज सकाळी त्याला केकसाठी घेतलेल्या डिजिटल काट्यावर, पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात बसवून वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढलं पाहिजे असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ३८०, ३८४, ३९७... नवरा ऑफिसातून मेसेज करून आजचा आकडा विचारायचा, माझ्या वजनाची इतकी चौकशी कधी केली नाही त्याने.

आठवड्याने जरा घट्ट खाणं सुरू करायचं होतं आणि खरी गंमत इथे सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या नाचणीसत्त्व दे, आमची पोरं त्याच्यावरच वाढली. शेजारच्या मालवणच्या काकू म्हणाल्या जवळा भाजून दे गो, बघ कसा चापून खातो. (सुकी मासळी खारट, एवढ्याशा जिवाला नकोच, पण काकूंना हे कोण सांगणार.) नवऱ्याने पाकिटावर मांजराचा फोटो बघून तीन किलोची पिशवी उचलून आणली, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, एक वर्षावरच्या मांजरांसाठी. परत केली.

मी डॉक्टरांना विचारलंच, शाकाहारी काही नाही का हो? ते म्हणाले, तुम्ही खा, मांजर नाही खाऊ शकत. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं, ते मांसात आणि मासळीत असतं, भाजी-धान्यात नाही, आणि शरीरात पुरेसं तयार करता येत नाही. कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय ढिलं पडतं. घरी येऊन वाचलं तर १९८७ मध्ये अमेरिकेत हे हृदयाचं कारण सापडलं, तोपर्यंत विकतचं खाणं खाणाऱ्या मांजरीसुद्धा याने मरत होत्या, मग कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वाड्यातल्या मांजरी दूधभातावरच जगल्या. मी म्हटलं आई, त्या दूधभात खाऊन माळ्यावर कशाला जायच्या? त्यावर जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, उंदीर खूप होते खरे.

मग वाटलं चिकनच उकडून देऊ, काकूंच्या घरी. पण नुसतं चिकनही पूर्ण जेवण नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, महिनाभर तेवढ्यावर ठेवलं तर वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. कांदा-लसूण तर मांजराला विषच, म्हणजे आपल्या भाजीचा रस्साही नाही. शेवटी ठरलं, पाकिटातलंच, पण मागची बाजू वाचून. मी दोन गोष्टी बघते: पिल्लांसाठी म्हणजे 'किटन' लिहिलंय का, आणि 'कम्प्लीट' म्हणजे पूर्ण जेवण असं लिहिलंय का. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर तो नुसता खाऊ, ते ट्यूबमधलं क्रीम असतं ना चाटायचं, बहुतेक त्यातलंच.

ओल्या खाण्याच्या पाऊचवर प्रोटीन ९ टक्के आणि कोरड्या दाण्यांवर ३४, नवरा म्हणाला पाऊच म्हणजे शुद्ध फसवणूक. पण पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी. राहिले १८, त्यातले ९ प्रोटीन, म्हणजे निम्मं. दाण्यांत पाणी १० टक्के धरलं तर ९० मधले ३४, म्हणजे ३८ टक्क्यांच्या आसपास. दहावीनंतर पहिल्यांदा शेकडेवारी कामाला आली. मांजरं तशीही पाणी कमी पितात, म्हणून दोन्ही द्यायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी किटनचं ओलं खाणं पावडरच्या दुधात कालवून लापशीसारखं केलं आणि बोटावर धरलं. त्याने आधी वास घेतला, मग बोटच चावलं, मग अचानक कळलं की हे खायचं असतं, आणि घशातून गुर्रर्र आवाज काढत वाटीत पुढचे दोन पाय घालून उभं राहिलं. मिशांना, कानाला, सगळीकडे लापशी. पण मला घाई झाली, तिसऱ्याच दिवशी दूध बंद करून सगळं ओलं खाणं दिलं तर परत पोट बिघडलं, वजन तीन दिवस ४६२ वरच अडकलं. सात-आठ दिवस लावून हळूहळू बदलायचं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं, मीच ऐकलं नव्हतं. मधे जंताचं औषध झालं, शेवयांसारखे जंत पडले, यापेक्षा जास्त वर्णन नको. सात आठवड्यांचं झाल्यावर दाणे कोमट पाण्यात भिजवून, मग कोरडे. दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

नावाचं सांगायचंच राहिलं. एकादशीच्या तोंडावर आलं आणि काळं, म्हणून नवऱ्याने विठू ठेवलं. सासूबाई कडाडल्या, विठूला मासे चारणार का तुम्ही? मग त्यांनीच बुक्का ठेवलं. त्यांच्या अटी: बुक्काचं सगळं बाल्कनीत, त्याची घासणी वेगळी, चमच्याला लाल दोरा बांधलेला, फ्रिजमध्ये उघडं पाऊच आलंच तर दोन डब्यांच्या आत.

आता चार महिन्यांचा आहे, १ किलो ८०० ग्रॅम. मागच्या आठवड्यात मी दोन दिवस माहेरी गेले होते, काळजीने फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, सकाळचे वीस ग्रॅम दाणे काट्यावर मोजून दिलेत, पाऊच नाक दाबून कापलं, आणि तो लाल दोऱ्याचा चमचा तुझ्या नवऱ्याला घासायला लावलाय, तू ये निवांत.