कंपनी किती देते?

लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालासुद्धा कुणीतरी मला बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "खरं सांग गं, कंपनी किती देते?" विचारणारं कॉलेजातलं पोरगं असेल तर प्रश्न वेगळा असतो: "ताई, कॅमेरा कुठला?"

गेली सहा वर्षं मी कराडात, आमच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात, मिक्सर, कुकर, तवे, शेगड्या असलं काहीबाही वापरून बघते आणि त्याचे मराठीत व्हिडिओ करते. हे दोन्ही प्रश्न मी आजवर हसून टोलवत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते. दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, हे मला स्वतःलाही जरा महागातच कळलं.

आधी कॅमेऱ्याचं. कॅमेरा नाही, फोन आहे. चौदा हजारांचा, एका कोपऱ्यात तडा गेलेला. वरून ओट्याचं चित्रण करायचं तर भांड्यांच्या मांडणीला दीडशे रुपयांचा क्लॅम्प लावते, समोरून करायचं तर फोन मिसळणाच्या डब्याला टेकवते. आमची खिडकी पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी आठ ते दहा एवढाच माझा स्टुडिओ उघडा असतो. उजेड एका बाजूनं येतो, तो परतवायला दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करते. २०१८ च्या बंदीआधीच्या गणपतीच्या मखराचा आहे तो. माळ्यावर पडून होता.

कधी संध्याकाळी ट्यूबखाली काम करावं लागलं तर चित्रात काळे पट्टे सरकतात. पहिलं वर्षभर मला वाटायचं, फोनच टाकाऊ आहे. तसं नसतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोनच्या कॅमेऱ्यात हातानं सेटिंग करायची सोय असेल तर शटरचा वेग, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो तो, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचा, पट्टे जातात. खर्च शून्य.

पैसे घालायचेच असतील तर आवाजावर घाला. चित्र थोडं मळकट असलं तर लोक चालवून घेतात. आवाज घुमायला लागला की पुढे सरकतात. माझा माईक बोया कंपनीचा आहे, कॉलरला लावायचा, वायरवाला, हजाराच्या आत मिळाला. त्यात बटणासारखा एक छोटा सेल असतो आणि बारकासा स्विच. तो स्विच बंद करायला विसरलं की सेल उतरतो. एकदा मी पुरणपोळीच्या तव्यावर चाळीस मिनिटं तावातावानं बोलले आणि त्यात माझा एक शब्द नव्हता. स्वयंपाकघरात फरशी, टाइल्स, स्टील, सगळंच आवाज परतवणारं. म्हणून दाराला आईची जुनी गोधडी टांगते आणि दुसरी ओट्याखाली पसरते. घरातले तेवढा वेळ उपाशी.

आता मधली गोष्ट. ती सांगितल्याशिवाय कंपनीचं उत्तर देता येणार नाही.

चॅनल जरा चालायला लागल्यावर मला चांगल्या कॅमेऱ्याची हाव सुटली. हप्त्यावर घेतला, महिन्याला २,८६० रुपये. तोवर मी कंपन्यांचे फोन आले की "बघते, कळवते" म्हणायचे. हप्ता सुरू झाल्यावर मी कळवायला लागले. एका कंपनीनं मिक्सर पाठवला, वर आठ हजार रुपये आणि बोलायचा मजकूरही. मजकुरात होतं, "शंभर टक्के तांब्याची मोटर." मी चार दिवस मिक्सर वापरला, बरा वाटला, मजकूर वाचून टाकला.

माझ्या धाकट्या भावाचं एसटी स्टँडजवळ मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. मोटर भरण्यात, म्हणजे तिची जळालेली तार काढून नवी गुंडाळण्यात, त्याचा हात धरणारा आमच्या भागात नाही, असं मी बहीण म्हणून म्हणत नाही, त्याच्याकडे पाटण-उंब्रजहून माणसं येतात. दोन महिन्यांनी त्याच्याकडे तोच मिक्सर आला, जळालेला. माझाच व्हिडिओ बघून घेतलेला. त्यानं मोटर उघडली आणि मला दुकानात बोलावून आतल्या तारेच्या वेटोळ्यावर नखानं खरवडून दाखवलं. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं. "आक्का, हे तांबं न्हाय. ॲल्युमिनियम हाय. तू तर शंभर टक्के म्हणली हुतीस." ज्यांचा मिक्सर होता त्या काकू तिथेच स्टुलावर बसलेल्या. मी बोलले असते तर बरं झालं असतं, पण मला काही सुचेना.

ॲल्युमिनियमची मोटर म्हणजे फसवणूक, असं नव्हे. स्वस्त मिक्सरात ती असू शकते. तसं लिहून, त्या किमतीला विकली तर माझी तक्रार नाही. मी न बघितलेली गोष्ट बघितल्यासारखी बोलले, खोट ती होती. आठ हजार परत केले, व्हिडिओ काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी नवा टाकला, त्यात मोटरचं वेटोळं आणि भावाचं नख. मग कॅमेरा विकला. विकून, उरलेले हप्ते भागवून हातात सतराशे रुपये आले.

नंतर नियम वाचले. ते आधी वाचायला हवे होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, त्यांनी जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. वस्तूची भलामण करणाऱ्यानं ती पुरेशा माहितीवर किंवा स्वतःच्या अनुभवावर करायची, हे त्यात स्पष्ट आहे. चुकलं तर दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा चुकलं तर ५० लाखांपर्यंत. जानेवारी २०२३ मध्ये आमच्यासारख्यांसाठी सोप्या भाषेत वेगळी सूचनापुस्तिकाही आली. पैसेच मिळायला हवेत असं नाही. फुकट आलेली वस्तू, सवलत, कंपनीशी नातं हेसुद्धा सांगावं लागतं, आणि व्हिडिओत ते लिहूनही दाखवायचं, बोलूनही. मी आता सुरुवातीलाच म्हणते, "हा कुकर मी माझ्या पैशांनी घेतलाय" किंवा "हा कंपनीनं पाठवलाय, परत करणार आहे." पाच सेकंद लागतात. यूट्यूबवर पैसे घेतलेल्या जाहिरातीसाठी वेगळी खूण करायची सोय आहे, तीही करावी.

तर पोरांनो, कॅमेरा कुठला याचं खरं उत्तर असं: ज्याचा हप्ता नाही तो. हप्ता चालू होता तेव्हा त्या मिक्सरचा आवाज मला कमी वाटला होता, अगदी मनापासून.

आवाजावरून आठवलं. आपण खोटं बोलत नसलो तरी फोन बोलतो, आणि याकडे फार कुणी लक्ष देत नाही. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज उचलतो. त्यामुळे कानठळ्या बसवणारा मिक्सर आणि साधा मिक्सर व्हिडिओत सारखेच ऐकू येतात. मी दोन मिक्सर लागोपाठ चालवून "बघा, किती फरक आहे" म्हणत होते आणि बघणाऱ्याला काही फरकच नव्हता. आता फोन मिक्सरपासून बरोबर एक मीटरवर ठेवून आवाज मोजायच्या ॲपचा आकडा दाखवते. ते ॲप प्रयोगशाळेसारखं अचूक नसतं, पण एकाच फोनवर, एकाच जागी दोघांची तुलना करायला पुरतं. शिवाय शेजारच्या खोलीत आईला बसवते. तिला टीव्हीवरचा संवाद कळला का, हे ती सांगते. तिचं प्रमाणपत्र लोकांना आकड्यापेक्षा पटतं.

तसंच भांड्याच्या आकाराचं. जवळून चित्रण केलं की चटणीचं भांडं पातेल्याएवढं दिसतं; म्हणून शेजारी काडेपेटी ठेवते. तसंच वेळेचं. साडेतीन मिनिटं वाटलेली डाळ कापून सहा सेकंदांत दाखवली की मिक्सर जादूचा वाटतो. मी मागे भिंतीवरचं घड्याळ चित्रात येऊ देते. आणि रंगाचं तर विचारूच नका, ट्यूबखाली कांदा-लसूण मसाला असा काही दिसतो की बघणाऱ्याला वाटावं, मिक्सरनंच बिघडवला.

चाचण्या मात्र सगळ्यांना त्याच, वर्षानुवर्षं. १०० ग्रॅम धणे एक मिनिट फिरवायचे, रव्याच्या चाळणीतून चाळायचे आणि वर उरलेलं वजनकाट्यावर ठेवायचं. मग दोन मिरच्या, चार लसूण पाकळ्या आणि मूठभर दाणे, कारण मोठमोठ्या मोटरी इथेच हरतात. एवढासा ऐवज भांड्याच्या कडेला चिकटून बसतो आणि पातं मधे रिकामं फिरतं. मग चार तास भिजवलेली उडीद डाळ, आणि वाटून झाल्यावर पीठ किती तापलं ते. पहिल्यांदा मी करोनातलं कपाळाला रोखायचं यंत्र पिठावर रोखलं. पीठ पुरेसं आजारी नसावं, त्यानं नुसतं 'लो' दाखवलं. आता स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर आहे.

धणे दरवेळी सारखे नसतात, पावसाळ्यात सादळतात. म्हणून प्रत्येक नव्या मिक्सरसोबत त्याच दिवशी, त्याच पुडीतले धणे आईच्या पंधरा वर्षं जुन्या मिक्सरमध्येही वाटते. नवा कितपत चांगला, हे जुन्याच्या शेजारी ठेवल्यावरच कळतं. दोनदा जुना जिंकलाय.

हे सगळं केल्यावरही महिनाभर काही बोलत नाही. पहिल्या दिवशी सगळेच मिक्सर गुणी असतात. झाकणाची रबरी रिंग सैल होणं, भांड्याच्या बुडातून काळं पाणी झिरपणं, भांडं मोटरला जोडणारा कपलर झिजणं, हे घासून-पुसून वापरल्यावरच दिसतं. तोवर खोक्यावरचा आयएसआयचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये घालून बघते. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम, परवाना चालू आहे की नाही आणि तो कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

रंजक कसं करायचं, असंही विचारतात. मला त्यातलं फार कळत नाही. एवढं कळलं की "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर मनःपूर्वक स्वागत" म्हटलं की, किती जण अजून बघताहेत ते दाखवणाऱ्या यूट्यूबच्या आलेखात लोक दरीत कोसळल्यासारखे जातात. मी निकाल आधी सांगते: "घेऊ नका, का ते सांगते." मग थांबतात. आणि फजिती कापत नाही. झाकण उडून टोमॅटोचं सार छताला लागलं, तो डाग अजून आहे. बाकी व्हिडिओंतही दिसतो आणि लोक त्याची चौकशी करतात.

आता हिशेब. बहुतेक वस्तू मी विकत घेते. ३,४०० ला घेतलेला मिक्सर महिन्याभरानं, "वापरलेला आहे" असं सांगून, आमच्या भिशीतल्या कुणाला तरी २,६०० ला देते. म्हणजे व्हिडिओचा खर्च ८०० रुपये. ऑनलाइन मागवायचं, चित्रण करायचं आणि मुदतीत परत पाठवायचं, असंही काही जण करतात आणि शिकवतात. मला ते पटत नाही; चटणी वाटलेला मिक्सर 'आवडला नाही' म्हणून पाठवायचा आणि वर प्रामाणिकपणावर बोलायचं! पाच वर्षं जुन्या वस्तू भिशीवाल्यांकडून उसन्या मिळतात, आणि भावाच्या दुकानातली भंगाराची पेटी तर सोन्याची खाण आहे. कुठल्या मिक्सरचं काय आधी जातं, ते तिथे दिसतं.

यूट्यूबच्या जाहिराती आणि खालच्या लिंकांचं कमिशन धरून गेल्या वर्षी महिन्याला सरासरी साडेचार हजार पडले. लिंकवरून घेतलंत तर मला पैसे मिळतात, हे मी दरवेळी सांगते. कंपनी देते ते शून्य. घर माझ्या पतसंस्थेतल्या नोकरीवर चालतं.

परवा मामेबहिणीच्या डोहाळजेवणात मामींनी गाठलंच. प्रश्न नेहमीचा, मग हळूच: "आमचा मिक्सर बंद पडलाय, कुठला घेऊ?" मी विचारलं, "उलटा करून खालचं लाल बटण दाबलंत का?" नव्हतं दाबलं. मोटरवर जास्त भार आला की ते बटण बाहेर येतं आणि मिक्सर बंद होतो. जरा थंड झाल्यावर आत दाबलं की बहुतेक वेळा चालू. घरी जाऊन त्यांनी दाबलं, रात्री फोन आला, चालू झाला.

माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओही तोच आहे, लाल बटणाचा. ४० सेकंदांचा. त्याखाली द्यायला लिंकच नाही.