व्हाया पुणे

७ जुलै २००५, गुरुवार. २०१२ चं ऑलिम्पिक लंडनला मिळालं हे आदल्याच दिवशी जाहीर झालेलं, त्यामुळे ऑफिसात सगळे खुशीत, पॅरिसला हरवलं म्हणून तर जरा जास्तच. मी तेव्हा टेस्टिंगच्या प्रोजेक्टवर होते. लंडनमध्ये माझं ऑफिस टॉवर हिलजवळ, नवऱ्याचं युस्टनजवळ आणि घर ईस्ट हॅमला. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी पावणेआठला बाहेर पडायचे, तो माझ्यानंतर पाऊण तासाने, कारण त्याला सकाळी दोनदा चहा लागतो.

नऊच्या सुमारास सायरन सुरू झाले आणि थांबेचनात. कुणीतरी म्हणालं ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, पॉवर सर्ज झालाय, विजेचा दाब एकदम वाढलाय, बातम्यांमध्येही आधी तेच सांगत होते. मॅनेजर म्हणाला, म्हणजे आज अर्धी टीम उशिरा येणार. मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता, सूट-टाय अगदी व्यवस्थित, पण चेहरा आणि केस काजळीने काळे. मोबाईल कानाला लावून नुसता उभा, बोलत काहीच नव्हता. फोन लागत नसणार त्याचा. तो कुठून आला असेल हे तेव्हा लक्षात आलं नाही. ॲल्डगेट स्टेशन आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर.

मग पँट्रीतल्या टीव्हीपुढे सगळे जमलो. पॉवर सर्ज नव्हताच, बॉम्बस्फोट होते. आधी ॲल्डगेट, मग एजवेअर रोड, मग किंग्ज क्रॉस आणि रसेल स्क्वेअरच्या मधला बोगदा. आणि मग टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला बस. लाल डबल डेकर, वरचा मजला नुसता सोलून काढल्यासारखा.

माझे पायच गळाले. टॅव्हिस्टॉक स्क्वेअर नवऱ्याच्या ऑफिसपासून दोन मिनिटांवर. तिथल्या बागेत गांधीजींचा पुतळा आहे, ऊन पडलं की तो त्या पुतळ्याजवळच्या बाकावर बसून डबा खायचा. ट्यूब बंद पडली की हा माणूस बस पकडतो हे मला पक्कं माहीत होतं. फोन लावला, लागेना. दहा वेळा, वीस वेळा, नुसतं बीप बीप. मेसेज जायचा पण उत्तर नाही, आणि गेला की नाही तेही कळायला मार्ग नाही.

शेवटी पर्समध्ये इंडियाला फोन करायचं पाच पाउंडचं कॉलिंग कार्ड सापडलं. ऑफिसच्या लँडलाईनवरून कार्डाचा फ्री नंबर फिरवला, मग तो लांबलचक पिन, दोनदा चुकला, हात थरथरत होता. आणि गंमत म्हणजे तीन मैलांवरच्या नवऱ्याला फोन लागत नव्हता पण पुण्याला सासूबाईंना दुसऱ्या रिंगला लागला!

"अगं कुठे आहेस तू? त्याचा फोन येऊन गेला," आई म्हणाल्या. "व्हाईटचॅपल का काय, तिथे गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं म्हणे. रस्त्यावरच्या बूथवरून केला होता. तुझं विचारत होता, मी म्हटलं तुझा नाही आला अजून."

"किती वाजता, आई?"

"आपल्याकडे दोन वाजून पाच मिनिटं झाली होती, मी लिहून ठेवलंय." म्हणजे इथले ९.३५. "बसने जातो म्हणाला ऑफिसला."

बस फुटली ९.४७ ला. १२ मिनिटांत व्हाईटचॅपलहून कुणी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला पोचत नाही, हे आज मी शांतपणे सांगू शकते, त्या वेळी डोकं चालत नव्हतं आणि ९.४७ हा आकडाही तेव्हा आमच्यापर्यंत आलेला नव्हता. मी गप्प, त्याही गप्प. त्यांच्याकडे टीव्ही चालू होता, मला फोनमधून ऐकू येत होता. बस हा शब्द दोघींपैकी कुणीही परत उच्चारला नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, "तू ऑफिसातून हलू नकोस. त्याचा फोन येईल, मी सांगते त्याला. तू अर्ध्या तासाने मला कर."

असं आमचं टेलिफोन एक्स्चेंज पुण्यात सुरू झालं. ऑफिसने खिडक्यांपासून लांब बसा, बाहेर जाऊ नका असं सांगितलेलं. मी अर्धा तास टेस्ट केसेसची एक्सेल शीट उघडून बसले, एक सेल भरली नाही. अकराला परत फोन केला. त्याची बस ओल्ड स्ट्रीटला थांबवून सगळ्यांना उतरवलं होतं, तिथे बूथपुढे रांग लावून त्याने घरी कळवलं होतं. आईंचा आवाज आता एकदम खणखणीत, "तुझ्याकडे चालत निघालाय. खाल्लंस का काही?"

तो आला सव्वाएकला. वाटेत सगळीकडे पोलिसांच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वळसे घालत आला. खाली रिसेप्शनला मी धावत गेले तर सिक्युरिटीवाला त्याला दाराबाहेरच उभं करून सॅक उघडायला लावत होता. सावळा, दाढी वाढलेला, पाठीवर फुगलेली सॅक, म्हणजे बघायलाच नको. सॅकमधून छत्री निघाली, डायरी निघाली, मग फॉइलमध्ये गुंडाळलेला डबा. तोही उघडायला लावला. पोळी आणि बटाट्याची भाजी. गार्डने वास घेतला, आमच्याकडे पाहिलं आणि लाजून सॉरी म्हणाला. वाटेत पोलिसांनी दोनदा असंच केलं होतं म्हणे. मला त्या गार्डचा राग आला नाही, नवऱ्याला मात्र आला होता आणि तो दिसू नये म्हणून तो फारच हसून बोलत होता.

ट्यूब पूर्ण बंद, मध्य लंडनमधल्या बसेस पण बंद. चालत निघालो. माझ्या पायात हील्स, मैलभरात टाचा सोलल्या, मग दुकानातून कॅनव्हासचे बूट घेतले, तिथेही माझ्यासारख्याच बायकांची रांग. व्हाईटचॅपल रोडवर हजारो माणसं एका दिशेने चाललेली आणि आवाज जवळजवळ नाही. रॉयल लंडन हॉस्पिटलवरून हेलिकॉप्टरची ये-जा. एका बांगलादेशी दुकानदाराने पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या, पैसे घेईना, हिंदीत एवढंच विचारलं, घर पे फोन किया?

स्ट्रॅटफर्डच्या अलीकडे एका भिंतीवर बसून तो डबा खाल्ला. घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते.

नंतर कळत गेलं, ५२ जण गेले, ७०० च्या वर जखमी. ती बस मेडिकल असोसिएशनच्या इमारतीसमोरच फुटली, आतले डॉक्टर तसेच धावत बाहेर आले. आणि ॲल्डगेटच्या आसपास किलोमीटरभरात एका कंपनीचं मोबाईल नेटवर्क दुपारी पोलिसांनी फक्त बचावकार्यासाठी राखून ठेवलं होतं. माझं नेमकं तेच.

शुक्रवारी ट्यूब बऱ्यापैकी सुरू झाली, गेलो कामाला. पण २१ तारखेला परत चार ठिकाणी प्रयत्न झाला, तेव्हा स्फोट झाले नाहीत नशिबाने, आणि दुसऱ्या दिवशी स्टॉकवेलला पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला संशयावरून गोळ्या घातल्या. त्यानंतर नवऱ्याने सॅक माळ्यावर टाकली. डबा, छत्री, डायरी सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत न्यायला लागला. पुढचे सहा महिने रोज ट्यूबच्या डब्यातल्या अख्ख्या गर्दीला दिसायचं, आज आमच्याकडे भाजी कोणती केलीय ते.