कार्डिनलच्या घरची मोड

दुसऱ्याच्या घरातल्या सामानाची यादी हाती पडली की मला राहवत नाही. त्यातही थॉमस वूल्झीच्या घरची म्हणजे पर्वणीच! ‘इप्सविचच्या खाटकाचा पोरगा’ म्हणून लोक ज्याला हिणवत, तो १५१५ साली कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा मोठा धर्माधिकारी, आणि इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे मुख्य मंत्री झाला. मग काय, हौसेला मोल उरलं नाही. त्याला भेटायचं तर आठ दालनं ओलांडावी लागतात, असं व्हेनिसच्या राजदूताने लिहून ठेवलंय. सगळ्या दालनांत भिंतीभर विणलेले चित्रपडदे, आणि तेही दर आठवड्याला बदलायचे! ते अवजड पडदे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या गड्यांनी धन्याला काय काय म्हटलं असेल, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही. व्हेनिसकडून त्याने साठ गालिचेही उकळले होते. गर्दीत जाताना हातात संत्र्याची साल असे. आतला गर काढून व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज भरलेली. रोगट हवेची धास्ती ना!

राजाला हवी ती काडीमोड पोपकडून मिळवून देणं वूल्झीला जमेना, आणि १५२९च्या ऑक्टोबरात सगळं फिरलं. लंडनचा वाडा राजाला सोडून जायची वेळ आली, तेव्हा वूल्झीने घरातलं सगळं बाहेर काढून मांडायला लावलं. त्याचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश याने ते दृश्य टिपलंय. लांबलचक टेबलांवर मखमल, सॅटिन, रेशमाचे ढीग, तलम हॉलंड कापडाचे हजार तागे. दुसरीकडे सोन्याचांदीची भांडी, आणि शेजारी वह्या: प्रत्येक नगाचं वजन नि किंमत लिहिलेल्या. आणि टेबलांखाली? टोपल्या. त्यांत जुनी, वापरायच्या लायकीची न उरलेली भांडी.

इथे मला तो एकदम आपला वाटला. मोडीत घालू घालू म्हणत ठेवलेली पितळी भांडी कुणाच्या माळ्यावर नसतात? त्याची चांदीची होती, एवढाच फरक. देणाऱ्याने तीही लपवली नाहीत, घेणाऱ्यानेही नको म्हटलं नसणार.

वूल्झी तिथून लंडनबाहेरच्या ईशर गावातल्या घरी गेला. मागे माणसांचा लवाजमा बराच होता, पण घरात ना बिछाने, ना चादरी, ना टेबलक्लॉथ, ना ताटं-पेले. तीन-चार आठवडे असेच काढले, असं कॅव्हेंडिश सांगतो. साहेबांच्या जेवणापुरती भांडी कार्लाइलच्या बिशपकडून उसनी आणली.