तुम्ही विचारलेत म्हणून: आधी देव, मग देवाचे काम

नोकरी, घर, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी आणि वर मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, कामे, एवढ्या धबडग्यात तुम्ही देवाला पहिले स्थान कसे देता, असे इंदूरच्या आमच्या मंडळीतल्या नव्याने संसाराला लागलेल्या मुली मला वरचेवर विचारतात. त्यांना बहुधा वेळापत्रक हवे असते. तेही सांगेन, पण माझ्या मते अडचण वेळेची थोडी आणि निवडीची अधिक आहे.

लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी म्हटल्या की आपण मोबाइलकडे बोट दाखवतो, किंवा रविवारी नेमके उपासनेच्या वेळी पोहे-जिलबीला बोलावणाऱ्या मित्रमंडळींकडे. ही ओढ ओळखू येते, म्हणून तिला नकार देणे त्या मानाने सोपे असते. देवाची जागा नकळत घेणारी कामे मात्र बहुतेक वेळा चांगली असतात, आणि त्यांतली कित्येक देवाच्याच नावाने चालतात. नाताळापूर्वीचे आठवडे पाहा: कॅरलच्या तालमी, महिला मंडळाचा कार्यक्रम, मुलांच्या नाटिकेचे कपडे, करंज्या, चिवडा, शेजाऱ्यांकडे पाठवायची फराळाची ताटे. यातले एकही काम टाकाऊ नाही. तरीही ते सारे मनापासून करताना दिवसभर येशूशी एक शब्दही न बोलता राहता येते. बायबलमधली मार्था, जिची बहीण येशूच्या पायांशी बसून ऐकत होती, राबत होती तीही येशूच्याच पाहुणचारासाठी.

मला या बाबतीत बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय फार मोलाचा वाटतो. कफर्णहूमात सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी लोटले होते आणि येशूने पुष्कळ रोग्यांना बरे केले. दुसऱ्या दिवशी, पहाटेचा अंधार असतानाच, तो उठून एकांतात गेला व प्रार्थना करू लागला. त्याचा शिष्य शिमोन आणि इतर सोबती त्याला शोधत आले आणि सगळे लोक तुमचा शोध करत आहेत, असे म्हणाले. येशूने उत्तर दिले की आपण आसपासच्या गावांत जाऊ, मला तेथेही उपदेश करायचा आहे. कफर्णहूमात परतणे हेही चांगलेच काम ठरले असते. पण त्याचा दिवस कसा जावा हे गर्दीने ठरवले नाही. पित्याशी बोलून उठलेल्या येशूने ते ठरवले. देवाला पहिले स्थान देणे म्हणजे कोणते चांगले काम करायचे आणि कोणते सोडायचे हे त्याला ठरवू देणे, असे मी मानते.

म्हणून सकाळी कुकर लावण्यापूर्वीचा अर्धा तास मी राखून ठेवते. मोबाइल बाहेरच्या खोलीत असतो. छापील बायबलमधला एक परिच्छेद वाचते, तोच पुन्हा सावकाश वाचते, आणि मग दिवसाची कामे वहीत लिहून एकेक करून देवापुढे ठेवते. आमची उपासना हिंदीतून होते, पण ही प्रार्थना मराठीतच येते. पुष्कळदा यादीतले एखादे काम तेथेच खोडले जाते, आणि ते बहुधा मंडळीचेच असते. कारण आणखी एका समितीला होकार देण्यामागे सेवेपेक्षा आपले नाव राहावे ही इच्छा असली, तर प्रार्थनेत ती झाकून राहत नाही.

रात्री उरेल तो वेळ देऊ, असे काही जणी म्हणतात. इस्राएल लोकांना हंगामाची पहिली पेंढी देवासाठी आणण्याची आज्ञा होती, आणि तेव्हा बाकीचे पीक अजून घरात आलेले नसे. दिवस कसा जाणार हे कळण्याआधी वेळ देण्यात तोच विश्वास आहे, आणि उरलेल्या वेळात तो नसतो.

तान्हे मूल असलेल्या आईने मात्र पहाटेचा हट्ट धरू नये. मुलाला पाजताना बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणावे, ते बहुतेकींना पाठ असतेच. मोबाइल तेवढा त्यानंतर हातात घ्यावा.