आमची वाटचाल : दुकानातल्या कागदापासून रतनवाडीच्या डोंगरापर्यंत

नाशिकमधे आमचं रंगसाहित्याचं छोटं दुकान आहे, मी आणि माझी धाकटी जाऊ मिळून चालवतो. शिवाजी तुपे सरांसारखे जलरंगातले मोठे चित्रकार आमच्याच गावचे, त्यामुळे इथं लँडस्केप करणारी माणसं पहिल्यापासूनच भरपूर. कागद घ्यायला आले की सगळ्यांचं एकच, बाहेर जाऊन रंगवायचंय पण एकट्याने होत नाही, घरातून निघणंच होत नाही. त्यातूनच आमची शिबिरं सुरू झाली. भंडारदरा घोटीवरून दोन तासांत येतं म्हणून तेच ठरवलं.

पहिलं शिबिर आम्ही सहलीसारखं आखलं हीच चूक. दोन दिवसांत रंधा धबधबा, विल्सन डॅम, घाटघर, सांदण, रतनवाडी, सगळंच. माणसं गाडीतून उतरायची, पेन्सिलने चार रेघा मारायची की आमची हाक, चला उशीर होतोय. परत येताना एक काकू म्हणाल्या, अगं जागा सगळ्या बघितल्या पण चित्र एकही झालं नाही. ते मला फार लागलं कारण त्यांनी पैसे चित्रासाठी भरले होते.

तेव्हापासून प्लॅन उन्हावरून करतो. शिबिराच्या आधी आम्ही दोघी जाऊन एक दिवस नुसत्या बसतो, कुठल्या जागी किती वाजेपर्यंत सावली आहे ते वहीत लिहितो. रतनवाडीला सकाळी रतनगडाच्या कड्यावर समोरून ऊन पडतं, एकेक कपार दिसते, आणि संध्याकाळी सूर्य मागे गेला की तोच डोंगर सपाट निळा होतो. म्हणून आता एकच जागा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगळी चित्रं. तिथल्याच अमृतेश्वर मंदिराच्या दगडी कोरीवकामाला वेगळा अख्खा दिवस ठेवतो, ते घाईत होतच नाही.

सीझनचंही तसंच शिकलो. ऑगस्टमधे हिरवा रंग बघून जीव वेडा होतो पण हवेत इतका दमटपणा की पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, तासभर वाळत नाही, वर दुसरा दिला की सगळा चिखल. हेअर ड्रायर नेले तर गावात लाईट नाही!! त्या शिबिरात आम्ही मग चारकोल आणि पेनवर आलो, आणि खरं सांगते काही कामं फार छान झाली, पण जलरंगाचं शिबिर म्हणून सांगितलं होतं म्हणून अर्धी फी परत केली. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जून, वीकेंडला तर जातच नाही, रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. आमचा आवडता काळ पाऊस संपल्यावरचा, सोनकी फुललेली असते, धरण भरलेलं असतं आणि गवत हळूहळू पिवळं पडायला लागतं.

बाकी तयारी म्हणजे बारीकसारीक गोष्टी, पण शिबिर त्यांच्यावरच चालतं. ३०० जीएसएमचा म्हणजे जाड कागद, खाली कागद वाकू नये म्हणून बोर्ड, गुडघे दुखणाऱ्यांसाठी घडीचे स्टूल, टोपी. बसायची जागा ठरवताना जवळच्या घरात बायकांना बाथरूम वापरू देतील का ते आधी विचारून ठेवतो, नाहीतर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. जेवण गावातल्या घरीच, पिठलं भाकरी ठेचा, त्याचे पैसे त्याच दिवशी हातात. आणि ब्रश धुतलेलं पाणी धरणात किंवा मंदिराच्या पुष्करणीत अजिबात ओतायचं नाही, कॅडमियमचे रंग विषारी असतात आणि गावाची गुरं तेच पाणी पितात. एक कॅन त्यासाठीच नेतो, भरून परत आणतो.

ग्रुप बारा जणांचाच. जास्त घ्या म्हणून खूप लोक मागे लागतात, पण बाराच्या वर गेलं की प्रत्येकाशेजारी बसून त्याचं चित्र बघणं होत नाही. त्या काकू आता दरवर्षी येतात, मागच्या वेळी त्यांनी दोन्ही वेळा तोच रतनगड केला, ती दोन चित्रं आता दुकानात काउंटरच्या मागे लावलीत.